हळू गं

कॅनडातल्या केंब्रिजच्या मराठी मंडळात मिलिंदची कविता झाल्याशिवाय संक्रांत झाली असं कुणी धरतच नसे. मिलिंदची म्हणजे त्यानं लिहिलेली नव्हे बरं का. लिहिली होती त्याच्या बायकोनं, माधवीनं. पण बारा वर्षं स्टेजवर ती गाजवली मिलिंदनं, त्यामुळे लोक तिला मिलिंदचीच म्हणायचे, आणि त्यानंही कधी फारशी हरकत घेतली नाही. "रचना आमच्या मिसेसची, मार मात्र मला," एवढं सुरुवातीला म्हणून टाकायचा. पहिला हशा तिथेच.

दरवर्षी तेच. जानेवारीतला शनिवार, भाड्यानं घेतलेला हायस्कूलचा हॉल, दाराशी ओल्या बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या, काळे कुर्ते आणि तिळगुळाचे डबे. मुलांचे नाच आटोपले की मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांतकाका मिलिंदकडे बघून नुसत्या भुवया उडवायचे. मिलिंद उठायचा. पहिल्या रांगेतल्या एखाद्या वहिनींची ओढणी "दोन मिनिटं द्या हो" म्हणून मागून घ्यायचा, डोक्याला गच्च बांधायचा, कंबरेवर हात ठेवायचा, आणि झाली मिसेस फरेरा तयार.

मिसेस फरेरा म्हणजे या दोघांची कॅनडातली पहिली घरमालकीण. पोर्तुगीज म्हातारी, एकटी वर राहायची. खाली बेसमेंटमध्ये हे दोघं, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेले, ईशानीचा जन्म अजून व्हायचा होता. त्या बेसमेंटवरच माधवीची कविता होती. फार मोठीही नाही.

*नळ सोडला. हळू गं.*
*डबा पडला. हळू गं.*
*कुकरनं तीनदा हाक मारली,*
*त्याच्या तोंडावर ओला टॉवेल. हळू गं.*

*वर पावलं, खाली आम्ही.*
*वरच्यांची जमीन, आमचं आभाळ.*
*आभाळाला कान असतात. हळू गं.*

*फोन आला. दुपार होती.*
*तिकडे रात्र होती, आणि सगळे जागे.*
*मी तोंड उघडलं.*
*हळू गं.*

*मग मी उशीला सांगितलं.*
*उशीनं कुणाला सांगितलं नाही.*

आता ही कविता मिलिंद कशी म्हणायचा ते ऐका. 'हळू गं' आलं की नाकातून, घोगऱ्या आवाजात, एक बोट छताकडे उगारून. कुकरच्या शिट्ट्या तो तोंडानं वाजवायचा आणि तिसरी शिट्टी अर्ध्यात गळा दाबल्यासारखी घशात घालायचा. 'सगळे जागे' म्हणताना डोळे मिचकावायचा, म्हणजे तिकडे लग्नाबिग्नाची धमाल चाललीय आणि आपली बाई इथे बेसमेंटमध्ये गप्पा मारायला तडफडतेय. शेवटी उशीच्या कानात कुजबुजल्याचा अभिनय. लोक पोट धरून हसायचे. पोरं तर पहिल्या कडव्यापासून त्याच्याबरोबर नाकातून 'हळूऽ गं' ओरडायची. मिलिंद घामाघूम होऊन खाली उतरायचा, ओढणी परत करायचा आणि पुढचे दोन दिवस घरात शीळ घालत फिरायचा.

माधवी त्या वेळी हॉलच्या मागे चहाच्या टेबलाशी असायची. गेली कित्येक वर्षं. कविता सुरू झाली की ती उठून चहाकडे जायची, ग्लास मांडायची, साखर ढवळायची. लाजते, असं मिलिंद सगळ्यांना सांगायचा. त्याची तशी खात्रीच होती. बारा वर्षं खात्री असली की माणूस पुन्हा तपासून बघत नाही.

यंदा गडबड केली ती ईशानीच्या शाळेनं.

ईशानी पंधरा वर्षांची, ग्रेड टेनमध्ये. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र कामापुरतं, आणि उत्तरं निम्म्याहून जास्त इंग्रजीत. तिच्या इंग्लिशच्या टीचरनं वर्गाला काम दिलं होतं: तुमच्या घरात जी भाषा बोलतात त्या भाषेतली एक कविता घ्या, आणि तीन गोष्टी सांगा. बोलतंय कोण, कुठल्या सुरात बोलतंय, आणि हेच शब्द का. ईशानीनं लगेच ठरवलं, बाबांची फनी पोएम. गुरुवारी संध्याकाळी माधवी फार्मसीत कामावर होती, तेव्हा ती लॅपटॉप घेऊन किचनच्या टेबलाशी बसली.

मिलिंदची कळी खुलली. शनिवार दोन दिवसांवर आला होता, तालीमही होऊन जाईल. त्यानं ओव्हनच्या दांडीवरचं फडकं काढून डोक्याला बांधलं आणि सुरू केलं.

"नो बाबा, अ‍ॅक्टिंग नको," ईशानी म्हणाली. "मला टाइप करायचंय. जस्ट द वर्ड्स."

"अगं, अ‍ॅक्टिंगशिवाय त्यात काय आहे?"

"तेच तर बघायचंय ना."

मग त्यानं एकेक ओळ सांगितली आणि तिनं ती इंग्रजी अक्षरांत उतरवली. फडकं डोक्यावर तसंच होतं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, बरोबर लिहिलंय का बघते, आणि तिनं सगळी कविता स्क्रीनवरून वाचून दाखवली. ईशानीला 'ळ' नीट येत नाही. सूर लावायचा असतो, थांबायचं असतं, हे काही तिला ठाऊक नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचावी तशी तिनं कविता वाचली. नळ सोडला, हलू गं. डबा पडला, हलू गं. फोन आला, दुपार होती. तिकडे रात्र होती, आणि सगळे जागे. मी तोंड उघडलं. हलू गं.

हसायला काहीच नव्हतं. मिलिंद तरी सवयीनं हसायच्या बेतात होता, पण ते हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. ही कविता त्यानं कधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीच नव्हती.

"बाबा, सगळे जागे का आहेत?" ईशानीनं विचारलं.

"असेल काहीतरी. लग्नबिग्न."

"लग्न असेल तर शी'ज हॅपी, राइट? मग उशीला का सांगते? यू डोंट टेल गुड न्यूज टू अ पिलो."

मिलिंदनं डोक्यावरचं फडकं काढलं आणि त्याची घडी घालत बसला.

"आणि 'हळू गं' कोण म्हणतंय?"

"मिसेस फरेरा. घरमालकीण."

"तिला मराठी यायचं?"

"छे. तिला इंग्लिशसुद्धा धड येत नव्हतं. अगं, कवितेत चालतं तसं."

ईशानीनं पेन्सिल दातांत धरली. पोरगी अभ्यासात बरी आहे, आणि अशा वेळी ती बाप समोर बसलाय हे विसरून जाते. "नाही, पण ऐक ना. मॅम म्हणते, पोएटनं दुसरा शब्द घेतला असता तर काय झालं असतं, ते विचारा. आईला ओल्ड लेडी हवी असती तर तिनं 'शश्' लिहिलं असतं. ऑर 'क्वाएट प्लीज'. तिनं 'हळू गं' का लिहिलं? 'गं' तर फक्त घरचे म्हणतात. आजी म्हणते, तू म्हणतोस. सो त्या बेसमेंटमध्ये मराठी बोलणारं कोण कोण होतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधं होतं. दोघं होते. त्यातली एक कविता लिहीत होती.

मिलिंदनं फडक्याची घडी पुन्हा उलगडली. आणि मग त्यानं काय करावं? स्वतःच्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलला. "हे बघ, कविता आहे ती. कवितेत कुणीही काहीही बोलतं. उगाच खोलात शिरू नकोस. लिही, लँडलेडी. मार्क मिळतील."

ईशानीनं त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग "ओके" म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि जिना चढून खोलीत गेली.

मिलिंद बाहेर येऊन शोव्हलनं ड्राइव्हवेवरचं बर्फ ओढायला लागला. दोन बोटंही बर्फ पडलं नव्हतं. शेजारचा माणूस खिडकीतून बघत होता, ह्याला काय झालंय म्हणून. पण हाताला काहीतरी हवं होतं. कारण आता ते सगळं आठवायला लागलं होतं, आणि थांबत नव्हतं.

फेब्रुवारी होता. दुपारचा दीड. गाड्यांच्या कारखान्यात दुपारची शिफ्ट, नोकरीला दोन महिने झालेले, तीन महिने पूर्ण होईतो कधीही काढून टाकतील अशी अवस्था. बूट चढवलेले, डबा हातात, दोनला दहा कमी असताना बस. तेवढ्यात फोन वाजला. वर्ध्याहून माधवीचा मामा. तिनं ऐकलं, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मिलिंदनं आधी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तिचे वडील गेले होते. पासपोर्ट दोघांचेही व्हिसाच्या कामात अडकलेले, जाता येणार नव्हतंच.

आणि मिलिंद काय म्हणाला? "हळू गं. हळू, माधवी. वरची ऐकेल." शिवाय तिच्या तोंडासमोर हात धरला. आणि बघितलं कुठे, तर छताकडे. बायकोकडे नाही, छताकडे.

घाबरला होता तो, हे खरं. या देशात ओळख ना पाळख, नव्या माणसाला कुणी जागा देत नव्हतं, त्या म्हातारीनं एकही कागद न मागता दिली होती. आवाज नको, एवढीच एक अट घातली होती. पण घाबरणं वेगळं. घाबरलेल्या माणसानं नंतर तरी बायकोला जवळ घ्यावं. मिलिंदनं घड्याळ बघितलं आणि बस पकडली. शिफ्ट संपवून परत आला तेव्हा पोळ्या झालेल्या होत्या, तिचे डोळे सुजलेले होते, आणि तो जेवला. चक्क जेवला. त्या दिवशीच्या पिठल्यात मीठ नव्हतं, हेसुद्धा त्याला आता आठवलं.

सासरे गेले हे तो विसरला नव्हता. दरवर्षी त्या तारखेला तो माधवीला आठवण करून द्यायचा, फोटोला हार घालायचा. विसरला होता फक्त आपण काय बोललो ते. आपल्या सोयीचं तेवढं बरोबर लक्षात राहतं माणसाच्या.

पुढे चार वर्षांनी मंडळाच्या कार्यक्रमात काहीतरी विनोदी हवं होतं. माधवीच्या पाककृतींच्या वहीत, साबुदाणा वड्याच्या मागच्या पानावर, त्याला ही कविता सापडली. "भारीच विनोदी लिहिलंयस की गं," तो म्हणाला होता. तेव्हा माधवी भांडी विसळत होती. विसळता विसळताच ती म्हणाली, "तुला विनोदी वाटली तर विनोदी." मिलिंदनं ती परवानगी समजली. वही घेऊन पळालाच.

शोव्हलचं टोक डांबरावर घासून घासून कर्कश वाजत होतं. आपल्याला आपल्याच आवाजाची किळस येऊ शकते, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी त्यानं कामावरून सूर्यकांतकाकांना मेसेज केला, घसा बसलाय, उद्या जमणार नाही. काकांचा लगेच फोन. "मिलिंदराव, असं कसं. प्रोग्राम छापून झालाय. लोक ओकव्हिलहून येतायत तुमच्या म्हातारीसाठी. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा." तुमची म्हातारी, हे शब्द मिलिंदला चावले.

संध्याकाळी घरी आला तर माधवी लाडू वळत होती. तिळाचा पाक गरम होता, तिची बोटं लाल झाली होती. मिलिंद हात धुऊन शेजारी उभा राहिला. पाकाला थांबता येत नाही, त्यामुळे दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. तेवढंच बरं होतं.

"ती कविता," तो म्हणाला. "त्यातलं 'हळू गं' मी म्हटलं होतं."

माधवी लाडू वळत राहिली. "हो."

"मला ईशानीमुळे कळलं. काल."

"मला सांगितलं तिनं."

"तू का नाही सांगितलंस? बारा वर्षं, माधवी. एकदा तरी थांबवायचंस मला."

तिनं हातातला लाडू ताटात ठेवला. "पहिल्या वर्षी मला वाटलं, वाचता वाचता तुझ्या लक्षात येईल. म्हणून तर वही नेऊ दिली. पुढे बसले होते मी, आठवतं? पहिल्या रांगेत. तू 'सगळे जागे' म्हणालास आणि मी तुझ्याकडे बघत होते, की आता हा थांबेल. तू डोळा मारलास." ती पुढचा गोळा घ्यायला वाकली. "दुसऱ्या वर्षीही वाटलं, येईल लक्षात. तिसऱ्या वर्षीपासून मी चहाकडे जायला लागले."

मिलिंदच्या हातातला पाक थिजला. तो लाडू काही वळला जाईना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते त्यानं आजवर दहा वेळा उगीचच म्हटलं होतं. आज खरंच झालं.

"आणि दुसरं एक सांगू का?" माधवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. "तू बसला निघून गेलास ना, त्यानंतर मिसेस फरेरा खाली आली. कपडे धुवायला. वॉशर आपल्या खोलीच्या बाहेरच होता. मी उशी तोंडावर दाबून धरली होती. ती आत आली. दार वाजवलं नाही, काही नाही. कॉटवर माझ्याशेजारी बसली, आणि तिनं माझ्या तोंडावरची उशी काढून घेतली."

मिलिंदनं वर बघितलं.

"मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. पण ती नवरा गेल्यापासून कायम काळ्या कपड्यांत असायची, तिला वेगळं काय सांगायला हवं होतं? नुसती पाठीवर थोपटत राहिली. मग मी रडले. घर डोक्यावर घेतलं, मिलिंद. तासभर. वरून आवाज नको म्हणणारी तीच, आणि तीच मला रडू देत बसली. तिचे कपडे वॉशरमध्ये तसेच राहिले. तू येईपर्यंत मी तोंड धुऊन पोळ्या करून ठेवल्या."

"कवितेत ते नाहीये."

"ते माझं होतं. ते कशाला लिहू." तिनं ताट उचलून कट्ट्यावर ठेवलं. "तू तिची नक्कल करतोस ना, ओढणी बांधून, ते मला सगळ्यात जास्त लागतं. माझं एक वेळ असू दे. तिचं नको करायला होतंस."

मिलिंदनं माफी मागितली. मागितली म्हणजे, "चुकलं माझं," असं काहीसं पुटपुटला. ते इतकं हलकं वाटलं की त्याचं त्यालाच ते पुन्हा म्हणायची लाज वाटली.

"उद्या मी ती वाचत नाही," तो म्हणाला.

"नको वाचूस. लोक विचारतील, का नाही वाचली. मग काय सांगशील? घसा?"

तो हाताला चिकटलेला पाक खरवडत राहिला.

"काय करायचं ते तू ठरव," माधवी म्हणाली. "मी चहाकडे असेन."

जेवणानंतर तो ईशानीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती हेडफोन लावून पालथी पडली होती. त्यानं दारावर टकटक केलं, तिनं एक कान मोकळा केला.

"ते 'हळू गं' मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "काल मी तुला खोटं सांगितलं. लँडलेडी लिहू नकोस. हजबंड लिही."

"आय नो," ईशानी म्हणाली. "काल रात्रीच सबमिट केलं. हजबंडच लिहिलंय." मग दुसराही कान मोकळा करून, "सॉरी, बाबा."

सॉरी ती म्हणाली. म्हणायला हवं होतं कुणी, आणि म्हणालं कोण. मिलिंदनं मान हलवली आणि दार हळूच ओढून घेतलं.

शनिवारी हॉल नेहमीसारखा भरला. बुटांचा ढीग, काळ्या साड्या, मुलांचे नाच. मिलिंद तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता, खिशात कागद. रात्री त्यानं माधवीच्या वहीतून कविता पुन्हा हातानं उतरवून काढली होती. बारा वर्षांची तोंडपाठ, पण तोंडावर त्याचा आता भरवसा नव्हता. सूर्यकांतकाकांनी भुवया उडवल्या. टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेतल्या गौरांगी वहिनींनी मागायच्या आधीच ओढणी काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या, खास तुमच्यासाठी नवीन आणलीय."

"राहू दे वहिनी, आज नको," तो म्हणाला. तर मागून कुणीतरी म्हणालं, "आज म्हातारी टक्कल करून आलीय वाटतं," आणि हशा पिकला. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

तो माईकसमोर उभा राहिला. मागे, हॉलच्या दाराजवळ, चहाचं टेबल होतं. माधवी पाठमोरी होती, ग्लास मांडत होती. ईशानी तिच्याशेजारी.

"माधवीची कविता आहे," तो म्हणाला. मार मात्र मला, हे वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं.

त्यानं कागदावरून वाचायला सुरुवात केली, परवा ईशानीनं वाचली तशी, सपाट. "नळ सोडला. हळू गं." आणि पुढे जमिनीवर बसलेल्या पंधरा-वीस पोरांनी एका सुरात, नाकातून, बोट छताकडे करून ओरडून साथ दिली, "हळूऽ गं!" मोठी माणसं हसली. "डबा पडला," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणावंच लागलं नाही. पोरांनी म्हटलं. तीच घोगरी म्हातारी, तेच बोट, तोच त्याचा आवाज, वीस तोंडांतून. कुकर आल्यावर कुणीतरी मागून तीन शिट्ट्या वाजवल्या. त्याचा गंभीर चेहरा बघून लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन काढलंय यानं. ते आणखी हसले.

ही माणसं वाईट नव्हती. त्यांना हसायला शिकवलं कुणी? त्यानंच. बारा वर्षं बसवलेलं असं दोन मिनिटांत उठत नाही.

"फोन आला," तो म्हणाला. "दुपार होती. तिकडे रात्र होती, आणि सगळे जागे." इथे डोळा मारायची जागा. सगळे वाट बघत होते. "मी तोंड उघडलं."

"हळूऽ गं!" पोरं ओरडली.

मिलिंद थांबला. कागद खाली केला.

"हे घरमालकिणीनं म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तिला मराठी येत नव्हतं. हे मी म्हटलं होतं. माधवीचे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा. ती रडायला लागली आणि मी तिला म्हणालो, हळू गं."

एकदोघं तरीही हसले, पुढे विनोद येणार म्हणून. मग त्यांचं हसू एकटं पडलं आणि विरलं. गौरांगी वहिनींनी मांडीवरची ओढणी हळूहळू गोळा केली. सूर्यकांतकाका आपल्या बुटांकडे बघत होते. एका पोरानं आईला मोठ्यानं विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" आणि आईनं त्याच्या तोंडावर बोट ठेवलं.

शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. मिलिंदनं कागद पुन्हा वर धरला. "मग मी उशीला," तो म्हणाला, पण अगदी हळू. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल.

मागे ग्लास वाजायचे थांबले. माधवी वळून उभी होती, हातात चहाची किटली. किती वर्षांनी ती त्याला स्टेजवर बघत होती.

"मोठ्यानं वाच, मिलिंद," ती म्हणाली. तिला माईक लागला नाही. "मागे ऐकू येत नाही."

सगळ्या हॉलनं वळून तिच्याकडे बघितलं, आणि मग परत त्याच्याकडे. मिलिंदनं घसा खाकरला. छाती भरून श्वास घेतला. ज्या आवाजाला माईक लागत नाही म्हणून मंडळात त्याचं कौतुक व्हायचं, तो आवाज त्यानं शोधला, पण तो काही केल्या चढेना. मग माधवीकडे बघत, होता तेवढ्याच आवाजात त्यानं ती ओळ पुन्हा सुरू केली.